संवादघटक, बहुमंचीय मोबाइल ॲपमधील

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा आणि वापरणाऱ्याकडून माहिती घेणारा अथवा त्याला माहिती देणारा ॲपचा स्वयंपूर्ण भाग म्हणजे संवादघटक होय. बटण, मजकूर भरण्याची चौकट, पर्यायांची यादी, सरकपट्टी, दिनांक निवडण्याची दिनदर्शिका ही संवादघटकांची नेहमीची उदाहरणे होत. अशा घटकांच्या जुळणीतून ॲपचा जो दर्शनी भाग तयार होतो, त्यास संवादपृष्ठ म्हणतात. व्यवहारात संवादपृष्ठाला यूजर इंटरफेस आणि घटकाला कॉम्पोनंट किंवा विजेट असेही म्हटले जाते. एकाच आज्ञावलीच्या आधारे अँड्रॉइड व आयओएस या दोन्ही प्रचालन प्रणालींवर चालू शकणाऱ्या ॲपला बहुमंचीय ॲप ही संज्ञा आहे. या दोन प्रणालींचे मूळचे घटक, त्यांच्या संगणकभाषा आणि वापराचे संकेत वेगवेगळे असल्यामुळे बहुमंचीय ॲपमध्ये नवा घटक समाविष्ट करणे हे केवळ पडद्यावर एक आकृती वाढविण्याइतके सोपे काम नसते.

तिकिटांचे आरक्षण, बँकेचे व्यवहार, शासकीय योजनांचे अर्ज इ. अनेक कामे पूर्वी खिडकीपलीकडील कर्मचाऱ्याच्या मध्यस्थीने होत. अर्जदाराने दिनांक उलटसुलट लिहिला किंवा नाव चौकटीत मावले नाही, तर कर्मचारी ते दुरुस्त करून घेई. आता या मध्यस्थाची जागा पुष्कळ ठिकाणी संवादघटकाने घेतली आहे. घटकाच्या रचनेत राहिलेली उणीव दुरुस्त करणारे तेथे कोणी नसल्याने ती वापरणाऱ्यालाच भोगावी लागते. या कारणाने घटकाची निवड व जुळणी हा ॲपच्या अभिकल्पातील महत्त्वाचा विषय ठरला आहे.

ऐतिहासिक आढावा : पडद्यावरील चित्रमय घटकांची कल्पना मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला व त्यावर खिडक्या, यादी व माउस यांच्या साहाय्याने काम करण्याचे प्रयोग झाले. याच केंद्रात १९७८-७९ मध्ये नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी माहिती, तिचे दृश्य रूप आणि वापरणाऱ्याच्या कृतींचे नियंत्रण हे तीन भाग आज्ञावलीत अलग ठेवण्याची पद्धत मांडली. माहिती तीच ठेवून तिचे दृश्य रूप बदलता यावे, हे या पद्धतीमागील तत्त्व आजही घटकरचनेच्या मुळाशी आहे. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकामुळे (१९८४) असे घटक सर्वसामान्यांच्या परिचयाचे झाले.

एकच आज्ञावली अनेक प्रणालींवर चालविण्याचा प्रश्न जावा या संगणकभाषेच्या निमित्ताने ठळकपणे पुढे आला. जावाच्या आरंभीच्या संवादपृष्ठ संग्रहात प्रत्येक प्रणालीचे मूळ घटक उसने घेतले जात. त्यामुळे सर्व प्रणालींत समान असतील तेवढीच वैशिष्ट्ये वापरता येत आणि तपशिलातील फरकांमुळे एकच ॲप ठिकठिकाणी वेगळे वागे. पुढे १९९८ मधील जावा आवृत्तीत अंतर्भूत झालेल्या ‘स्विंग’ या संग्रहाने बहुतेक घटक स्वतःच रेखाटण्याचा मार्ग पत्करला. त्याने एकरूपता साधली; परंतु असे घटक त्या त्या प्रणालीवर काहीसे परके वाटत. मूळ घटक उसने घ्यावेत की स्वतः रेखाटावेत, हा पेच मोबाइलच्या क्षेत्रातही तसाच उतरला.

ॲपलने आयफोन २००७ मध्ये आणला व इतरांनी तयार केलेल्या ॲपसाठीचे विक्रीकेंद्र १० जुलै २००८ रोजी खुले केले. त्याच वर्षी अँड्रॉइडवर चालणारा पहिला दूरध्वनी बाजारात आला. दोन प्रणालींसाठी तेच ॲप दोनदा लिहिण्याचा खर्च टाळण्यासाठी २००८ पासूनच ‘फोनगॅप’सारखी साधने निघाली. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विकत घेतलेल्या झामारिन कंपनीने ‘झामारिन फॉर्म्स’ हे साधन २०१४ मध्ये आणले होते. त्याचा आधार १ मे २०२४ रोजी संपला व त्याची जागा ‘डॉटनेट माउई’ने घेतली. फेसबुकने ‘रिॲक्ट’ हा संग्रह २०१३ मध्ये आणि त्यावर आधारित ‘रिॲक्ट नेटिव्ह’ २०१५ मध्ये सर्वांसाठी खुला केला. गूगलच्या ‘फ्लटर’ची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘जेटब्रेन्स’ या कंपनीची ‘कंपोझ मल्टिप्लॅटफॉर्म’ ही पद्धती २०२५ मध्ये आयओएससाठीही स्थिर घोषित झाली.

रेखाटनाच्या पद्धती : बहुमंचीय ॲपमधील घटक पडद्यावर आणण्याच्या मुख्यतः तीन पद्धती आहेत.

(१) जालपृष्ठ पद्धती : फोनगॅप व त्यातून निघालेले ‘कॉर्डोव्हा’ यांत ॲपच्या आत एक जालन्याहाळक दडविलेला असतो आणि घटक हे वस्तुतः जालपृष्ठावरील घटक असतात. ही पद्धती शिकण्यास सुलभ आहे. मात्र गुंतागुंतीच्या हालचालींच्या वेळी ती संथ पडू शकते आणि घटकांचा स्पर्श मूळ घटकांसारखा वाटावा यासाठी बरेच श्रम घ्यावे लागतात.

(२) मूळ घटकांची पद्धती : रिॲक्ट नेटिव्हमध्ये ॲपची आज्ञावली मुख्यतः जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्ट भाषेत लिहितात, परंतु पडद्यावर येणारे बटण अथवा मजकूर हा त्या त्या प्रणालीचाच असतो. पूर्वी जावास्क्रिप्ट व मूळ प्रणाली यांच्यातील देवघेव मजकूररूप संदेशांच्या मार्गाने चाले व त्यात विलंब होई. नव्या रचनेत दोन्ही बाजू एकमेकींना थेट हाक देऊ शकतात. ही रचना ऑक्टोबर २०२४ मधील ०.७६ या आवृत्तीपासून नव्या ॲपसाठी प्रमाण ठरली.

(३) स्वयंरेखाटन पद्धती : फ्लटरमध्ये प्रणालीकडून केवळ एक कोरा पृष्ठभाग घेतला जातो व त्यावरील प्रत्येक रेषा, अक्षर आणि छटा फ्लटरचे स्वतःचे यंत्रण उमटविते. त्यामुळे दोन्ही प्रणालींवर घटक जवळजवळ सारखा दिसतो. याची दुसरी बाजू अशी की, प्रणालीच्या रूपात झालेला बदल अशा घटकांत आपोआप येत नाही. ॲपलने २०२५ मध्ये आयओएसच्या घटकांना काचेसारखे पारदर्शक रूप दिले, तेव्हा मूळ घटक वापरणाऱ्या ॲपना ते पुष्कळसे विनासायास लाभले. स्वतः रेखाटलेल्या घटकांसाठी मात्र ते निराळे घडवावे लागते.

कोणतीही पद्धती घेतली, तरी वेळेचे बंधन सारखेच असते. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटला जात असेल, तर एका रेखाटनासाठी सु. १६·७ मिलिसेकंद मिळतात. १२० वेळा रेखाटल्या जाणाऱ्या पडद्यावर हा अवधी सु. ८·३ मिलिसेकंदांवर येतो. घटकाची आकडेमोड या अवधीत न संपल्यास पडदा अडखळत सरकतो.

घटक समाविष्ट करण्याचे टप्पे : बसच्या आरक्षणाच्या ॲपमध्ये प्रवासाचा दिनांक निवडण्याचा घटक बसवावयाचा आहे, असे मानल्यास या कामातील टप्पे स्पष्ट होतात.

पहिला टप्पा गरज ठरविण्याचा होय. प्रवासाचा दिनांक बहुधा आजपासून काही आठवड्यांच्या आतील असतो. म्हणून महिन्याची चौकटीवार दिनदर्शिका येथे सोयीची पडते. तोच घटक जन्मदिनांकासाठी वापरला, तर साठ वर्षांच्या व्यक्तीला महिन्यामहिन्याने मागे जाताना सु. ७२० वेळा बोट टेकवावे लागेल. अशा ठिकाणी वर्ष थेट निवडण्याची किंवा आकडे लिहिण्याची सोय हवी. नाव एकच असले, तरी काम निराळे असल्यास घटक निराळा लागतो, हे यावरून दिसून येते.

दुसरा टप्पा तयार घटक घ्यावा की नवा घडवावा, हे ठरविण्याचा आहे. फ्लटरच्या मूळ संग्रहात दिनांक निवडक उपलब्ध आहे व त्यात अँड्रॉइडच्या आणि आयओएसच्या धाटणीचे वेगवेगळे प्रकार मिळतात. रिॲक्ट नेटिव्हच्या मूळ संग्रहातील दिनांक निवडक काढून टाकण्यात आले असून त्यांच्या जागी स्वतंत्रपणे सांभाळले जाणारे संच वापरतात. तयार घटक पुष्कळांनी वापरून पारखलेला असतो. म्हणून सबळ कारणाशिवाय नवा घटक घडवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. तिथी व सण दाखविणाऱ्या पंचांगाचे ॲप हे असे एक सबळ कारण होय. कारण नेहमीचे तयार निवडक मुख्यतः ग्रेगरियन दिनदर्शिकेसाठी घडविलेले असतात. तयार घटक न मिळाल्यास रिॲक्ट नेटिव्हमध्ये घटकाचे वर्णन प्रथम टाइपस्क्रिप्टमध्ये लिहितात, त्यावरून जोडणीची आज्ञावली एका साधनाद्वारे निर्माण करतात व नंतर घटकाचे प्रत्यक्ष कार्य अँड्रॉइड आणि आयओएस यांसाठी वेगवेगळे लिहितात. फ्लटरमध्ये लहान घटक एकत्र गुंफून मोठा घटक करता येतो. नकाशासारखा एखादा मूळ घटकच हवा असल्यास फ्लटरच्या पृष्ठभागात तो बसविण्याचीही सोय आहे.

तिसऱ्या टप्प्यात घटकाचे आदान व प्रदान निश्चित करतात. दिनांक निवडकाला आरंभी दाखवावयाचा दिनांक, सर्वांत आधीचा व सर्वांत नंतरचा ग्राह्य दिनांक ही आदाने लागतात. निवडलेला दिनांक हे त्याचे प्रदान असते. वापरणाऱ्याने काही न निवडता निवडक बंद केला, तर प्रदान रिक्त येते आणि ॲपने त्याचाही विचार केलेला असावा लागतो. फ्लटरमधील निवडकाची अशी अट आहे की, आरंभीचा दिनांक दोन मर्यादांच्या आतच असला पाहिजे. एखाद्याने रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी आजचा दिनांक निवडला, ॲप तसेच उघडे ठेवले आणि मध्यरात्रीनंतर निवडक पुन्हा उघडला, तर सर्वांत आधीचा ग्राह्य दिनांक एक दिवसाने पुढे सरकलेला असतो आणि पूर्वी निवडलेला दिनांक मर्यादेबाहेर पडतो. ही शक्यता आज्ञावलीत आधीच हाताळली नसेल, तर दोष उद्भवतो. दिवसा केलेल्या चाचणीत तो सहसा सापडत नाही.

चौथा टप्पा अवस्थेच्या व्यवस्थेचा आहे. कोणता दिनांक निवडलेला आहे, निवडक उघडा आहे की मिटलेला आहे, या व अशा बदलत्या माहितीला घटकाची अवस्था म्हणतात. जुन्या पद्धतीत आज्ञावली प्रत्येक बदलानंतर पडद्यावरील संबंधित भाग शोधून तो बदलत असे; एखादा भाग बदलावयाचा राहून गेल्यास पडद्यावर एक व स्मृतीत दुसरेच, अशी विसंगती निर्माण होई. रिॲक्ट, फ्लटर यांसारख्या पद्धतींत दिलेल्या अवस्थेत पडदा कसा दिसावा, एवढेच वर्णन लिहितात. अवस्था बदलली की वर्णन पुन्हा वाचले जाते व नेमका फरक पडलेला भागच नव्याने रेखाटला जातो. निवडलेला दिनांक ही माहिती ज्या ज्या घटकांना हवी असते, त्यांच्या सामाईक पालक घटकाकडे ती ठेवतात. पालकाकडून माहिती खाली येते आणि वापरणाऱ्याच्या कृतीची वार्ता वर जाते. दिनांक एकाच ठिकाणी राहिल्यामुळे तिकिटाचे भाडे दाखविणारा घटक जुनाच दिनांक धरून बसला, असे होत नाही. दूरध्वनीची स्मृती अपुरी पडल्यास प्रचालन प्रणाली मागे राहिलेले ॲप बंद करते. म्हणून अर्धवट भरलेला अर्ज पुन्हा उभा करता येईल, अशा रीतीने त्याची अवस्था जतन करून ठेवावी लागते.

पाचव्या टप्प्यात मांडणी येते. पडद्यांची घनता भिन्न असल्यामुळे लांबी बिंदूंमध्ये न मोजता घनतेपासून स्वतंत्र अशा एककात मोजतात. अँड्रॉइडचे एकक इंचास १६० बिंदू असलेल्या पडद्यावरील एका बिंदूएवढे मानलेले आहे. बोटाने स्पर्श करावयाच्या भागाची लांबी-रुंदी ॲपलच्या मार्गदर्शनानुसार किमान ४४ आणि अँड्रॉइडसाठीच्या मार्गदर्शनानुसार किमान ४८ एकके असावी. फ्लटरमधील मांडणीचा नियम असा आहे की, पालक घटक मुलाला जागेची मर्यादा सांगतो, मूल त्या मर्यादेत स्वतःचा आकार ठरविते आणि त्याचे स्थान पालक निश्चित करतो. हा क्रम ध्यानात न घेतल्यास मजकूर ठरलेल्या जागेबाहेर जातो. विकसनाच्या काळात अशा ठिकाणी पिवळे-काळे पट्टे उमटून दोष निदर्शनास येतो.

भाषा, लिपी व अंक : संवादघटक ज्या भाषेत वापरला जाणार, तिचा परिणाम त्याच्या सर्व अंगांवर होतो. ०३/०४/२०२५ हा दिनांक भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च असा वाचला जातो. काही देशांतील दिनदर्शिकांत आठवडा सोमवारी सुरू होतो. महाराष्ट्रातील प्रचलित छापील दिनदर्शिकांत रविवार प्रथम येतो. फ्लटरमध्ये मराठीसाठीचे शब्द व दिनांकाची रूपे उपलब्ध आहेत. परंतु भाषांतरांचा संच ॲपला मुद्दाम जोडावा लागतो. तो जोडला नाही, तर ॲपचा उर्वरित भाग मराठीत असूनही निवडकातील महिने व बटणे इंग्रजीतच राहतात.

प्रचलित आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांत मराठीसाठी देवनागरी अंक हे प्रमाण मानलेले आहेत. हिंदीसाठी मात्र तसे नाही. त्यामुळे हिंदीत निर्दोष चाललेला घटक मराठीत अडू शकतो. पडद्यावर ‘१५’ असे दिसणारे अक्षररूपच सेवा पुरविणाऱ्या संगणकाकडे जसेच्या तसे पाठविले, तर तेथील आज्ञावलीला तो अंक उमजेलच असे नाही व अर्ज फेटाळला जातो. यावरील उपाय म्हणजे दाखवावयाचा दिनांक व साठवावयाचा दिनांक वेगळे ठेवणे हा होय. दाखविताना वापरणाऱ्याची भाषा व अंक यांचा मान राखावा. साठविताना वर्ष-महिना-दिवस या क्रमाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण रूप वापरावे.

दिनांकाला वेळ चिकटविल्यासही असाच घोटाळा होतो. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. १५ ऑगस्टची मध्यरात्र, म्हणजे त्या दिवसाचा आरंभ, जागतिक वेळेत १४ ऑगस्टचे १८ वाजून ३० मिनिटे होतात. रूपांतर करून केवळ दिनांकाचा भाग उचलला, तर प्रवाशाचे तिकीट आदल्या दिवसाचे निघते. ज्या माहितीत वेळेचा संबंध नाही, तेथे दिनांक हा दिनांकच ठेवणे सुरक्षित असते.

मजकूर भरण्याच्या चौकटीत अक्षरसंख्येचा प्रश्न येतो. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द वाचणाऱ्याच्या दृष्टीने ज्ञा, ने, श्व आणि र अशा चार अक्षरांचा आहे. परंतु युनिकोड या संकेतप्रणालीत त्यासाठी व्यंजने, स्वरचिन्हे व हलन्त चिन्हे मिळून दहा संकेत लागतात. नावासाठी वीस संकेतांची मर्यादा घातल्यास इंग्रजीतील नाव सुखाने मावते व देवनागरीतील नाव मधेच तुटते. देवनागरीतील जोडाक्षरे एकसंध एकक म्हणून मोजण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत (२०२३) समाविष्ट झाला. तथापि घटक संकेत मोजतो की अक्षरे, हे ज्याने त्याने तपासून घेणे इष्ट असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येतात. इंग्रजी अक्षरांच्या मापाने घटकाची उंची पक्की केल्यास हे भाग कापले जातात व शब्दाचा अर्थही बदलू शकतो.

सुगम्यता : दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या साधनांच्या मदतीने मोबाइल वापरतात. आयफोनवरील असे ‘व्हॉइसओव्हर’ हे साधन २००९ मध्ये आले. अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ हे साधन आहे. या साधनांना घटकाचे चित्र उपयोगाचे नसते. घटक कोणता, त्यावर काय लिहिले आहे व तो कोणत्या अवस्थेत आहे, हे शब्दांत कळावे लागते. मूळ घटक ही माहिती बव्हंशी स्वतःच पुरवितात. फ्लटर सर्व काही स्वतः रेखाटत असल्याने त्यात या अर्थविषयक माहितीची वेगळी रचना तयार करून ती प्रणालीच्या स्वाधीन केली जाते. तयार घटकांत ही सोय असते. नव्याने घडविलेल्या घटकात ती लेखकाला घालावी लागते. दिनदर्शिकेतील चौकटीवर बोट ठेवले असता केवळ ‘१५’ असे ऐकू येणे अपुरे आहे. ‘शुक्रवार, १५ ऑगस्ट २०२५, निवडलेला’ असे ऐकू आले पाहिजे.

जागतिक जालसंघाच्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर व त्याची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४·५ : १ असावे. केवळ रंगाने अर्थ सांगू नये, असेही ती तत्त्वे सांगतात. शिल्लक आसने हिरव्या व संपलेली आसने लाल रंगाने दाखविल्यास रंगांधळ्या व्यक्तीला फरक कळत नाही. वयोवृद्ध माणसे अक्षरे मोठी करून वाचतात. अँड्रॉइडच्या २०२३ मधील आवृत्तीत अक्षरांचा आकार २०० टक्क्यांपर्यंत वाढविण्याची सोय झाली. घटकाने वाढलेल्या अक्षरांसाठी जागा सोडलेली असली पाहिजे.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात माहिती व संचार साधनांच्या सुगम्यतेची तरतूद आहे. बँका व इतर संस्थांच्या ओळख-पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकाविण्यास सांगणारा घटक वापरला जाई. ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला व डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना ही कृती शक्य नव्हती, तर दृष्टिहीन व्यक्तींना पडद्यावरील सूचना व चौकट यांचा उपयोग होत नव्हता. त्यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे त्यात मान्य करण्यात आले आणि पडताळणीचे पर्यायी मार्ग उपलब्ध करण्याबाबत निदेश देण्यात आले. एका घटकाच्या अभिकल्पातील गृहीतक नागरिकाच्या मूलभूत हक्काआड कसे येऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

परावलंबन व चाचणी : बाहेरून घेतलेला घटक स्वतः इतर संचांवर अवलंबून असू शकतो. जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ हा अवघ्या ११ ओळींचा संच त्याच्या कर्त्याने मार्च २०१६ मध्ये काढून घेतला, तेव्हा त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अवलंबून असलेल्या असंख्य आज्ञावलींची बांधणी अडून पडली. म्हणून घटक निवडताना तो कोण सांभाळते, शेवटचा बदल केव्हा झाला, परवाना कोणता आहे व ॲपच्या आकारमानात किती भर पडते, हे पाहतात. शिवाय बाहेरचा घटक ॲपमध्ये थेट न वापरता त्याभोवती स्वतःचे पातळ वेष्टन घालतात. पुढे घटक बदलावा लागला, तर बदल त्या वेष्टनापुरता मर्यादित राहतो.

चाचणी तीन पातळ्यांवर करतात. दिनांकाची आकडेमोड स्वतंत्रपणे तपासतात; एकटा घटक कृत्रिम रीतीने चालवून त्याचा प्रतिसाद पाहतात; आणि शेवटी संपूर्ण ॲप प्रत्यक्ष दूरध्वनींवर वापरून पाहतात. फ्लटरच्या स्वयंचलित चाचण्यांत मूळ व्यवस्थेनुसार अक्षरांच्या जागी चौकोन उमटविणारा टंक वापरला जातो. साहजिकच कापलेली वेलांटी किंवा तुटलेले जोडाक्षर त्या चाचणीत दिसत नाही; त्यासाठी देवनागरी टंक मुद्दाम जोडून अथवा प्रत्यक्ष पडद्यावर डोळ्यांनी तपासणी करावी लागते. कमी किमतीचे व जुने दूरध्वनी, मोठी केलेली अक्षरे, आडवा धरलेला पडदा, मंद जोडणी आणि वाचनसाधन चालू असलेली स्थिती यांतही घटक पारखणे आवश्यक असते.

मर्यादा : एका आज्ञावलीमुळे श्रम वाचतात, हे खरे असले तरी ते निम्मे होतातच असे नाही. दोन्ही प्रणालींवरील चाचणी, परवानग्या व मूळ भाषांतील जोडणी यांचे काम राहतेच. एअरबीएनबी या कंपनीने २०१६ मध्ये रिॲक्ट नेटिव्हचा वापर सुरू केला व २०१८ मध्ये तो सोडून दोन्ही प्रणालींसाठी मूळ पद्धतीकडे परतत असल्याचे जाहीर केले. याउलट अनेक संस्था आजही बहुमंचीय साधनांवर समाधानाने काम करीत आहेत. अर्ज, याद्या व साधी दृश्ये असलेल्या ॲपसाठी ही साधने विशेष उपयुक्त ठरतात; कॅमेरा, संवेदके अथवा प्रणालीची नवीनतम वैशिष्ट्ये यांवर भर असलेल्या ॲपमध्ये मूळ पद्धती अधिक सोयीची असते. साधन कोणतेही असो, घटकाचे अंतिम मूल्यमापन तो ज्याच्या हाती जाणार त्याला आपले काम कोणाच्या मदतीविना पुरे करता आले की नाही, यावरूनच केले जाते.